लोणावळ्यातले दोन 'गॅस': एसीतला वेगळा, गिझरमधला वेगळा

'हीटिंग-कूलिंग युनिट मेंटेनन्स' असं सर्च करून बघा. यूट्यूब तुम्हाला थेट अमेरिकेत नेऊन सोडेल. तिथे घराच्या मागे किंवा छतावर एक मोठा पत्र्याचा डबा असतो. थंडीत त्याच डब्यात गॅस जळतो आणि घर गरम होतं, उन्हाळ्यात त्याच डब्यातला कॉम्प्रेसर घर थंड करतो. व्हिडिओ छान असतात, पण आपल्या काही कामाचे नाहीत, कारण तो डबा आपल्याकडे नाहीच.

आपल्याकडे, म्हणजे मावळात आणि लोणावळ्यात, हेच काम दोन वेगळ्या वस्तू करतात. खोलीत भिंतीवर 'हॉट अँड कोल्ड' एसी आणि बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत गॅस गिझर. मी कामशेतला राहतो. आमच्या नातेवाइकांचा तुंगार्लीला छोटा बंगला आहे, तो शनिवार-रविवार भाड्याने जातो, आणि त्यातली सगळी 'टेक्निकल' कामं माझ्या गळ्यात असतात. त्यामुळे एक गोष्ट सतत ऐकतो. एसी थंड करत नाही? 'गॅस संपला असेल.' गिझर पेटत नाही? 'गॅस संपला असेल.' शब्द एकच आहे, पण या दोन गॅसचं काम अगदी उलटं आहे. एक फसवतो तेव्हा तुमचे दोन-तीन हजार रुपये जातात. दुसरा फसवतो तेव्हा जीव जाऊ शकतो. म्हणून आज दोन्ही बघू. एसीचं पटकन उरकू, गिझरवर जास्त वेळ घालवू.

एसीतला गॅस संपत नाही

एसीतला गॅस जळत नाही, वापरला जात नाही, हवेत मिसळत नाही. तो बंद तांब्याच्या नळीत फिरत राहतो. आतल्या युनिटमध्ये खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये नेऊन टाकतो. हमालासारखं काम. हमाल काही माल खात नाही. त्यामुळे दहा वर्षांनीही गॅस तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

तरी दर उन्हाळ्यात 'दादा, गॅस टॉप-अप करावा लागेल' हे वाक्य ऐकू येतं. असं कोणी म्हटलं की तीन प्रश्न विचारा. गळती कुठे सापडली? भरण्याआधी नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढणार का? आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का? बाहेरच्या युनिटच्या लेबलवर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम हे दोन्ही छापलेलं असतं. त्या लेबलचा आत्ताच फोटो काढून ठेवा, पाच वर्षांनी ऊन-पावसाने ते वाचता येत नाही.

लेबलवर 'आर-३२' असेल तर तो सौम्य ज्वलनशील आहे. 'आर-२९०' असेल तर तो चक्क प्रोपेन आहे, आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीचा एक घटक. गोदरेजने भारतात २०१२ पासून असे एसी आणले. पृथ्वीच्या तापमानवाढीच्या हिशोबात हा गॅस फार चांगला: आर-३२ चा आकडा ६७५, जुन्या आर-४१०ए चा २०८८ आणि आर-२९० चा जेमतेम ३. पण अशा एसीची नळी उघडायला त्याचं ट्रेनिंग घेतलेलाच माणूस लागतो. विडी ओढत काम करणाऱ्याला हात लावू देऊ नका.

आता गंमत बघा. एसी थंड करत नाही या तक्रारीत बऱ्याचदा गॅसचा संबंधच नसतो, जाळी तुंबलेली असते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या, गाद्या ओल्या, कपाटातल्या चपला हिरव्या. तीच बुरशी एसीच्या जाळीवर आणि आतल्या पंख्यावर बसते. पुण्यात महिन्याने जाळी धुतली तर चालतं, इथे पावसाळ्यात पंधरा दिवसांनी धुवा. साध्या नळाखाली, उलट बाजूने पाणी सोडून, आणि सावलीत पूर्ण वाळवून. वास येत असेल तर बंद करण्याआधी अर्धा तास नुसता फॅन मोडवर चालवा, आतली ओल निघून जाते.

हिवाळ्यातल्या तक्रारी वेगळ्या. हॉट मोड लावला आणि दोन-तीन मिनिटं हवाच आली नाही, म्हणून लोक रिमोट आपटतात. बिघाड नाही तो. आतली जाळी तापेपर्यंत पंखा मुद्दाम थांबलेला असतो, नाहीतर आधी थंड वारा अंगावर येईल. कॉम्प्रेसरही बंद केल्यावर लगेच सुरू होत नाही, साधारण तीन मिनिटं थांबतो. बाहेरच्या युनिटमधून पाणी टपकतंय? तेही बरोबर आहे. उन्हाळ्यात आतली जाळी गार होऊन तिच्यावर पाणी जमतं, हॉट मोडमध्ये चक्र उलटं फिरतं आणि बाहेरची जाळी गार होते. युरोपात तिच्यावर बर्फ बसतो आणि मशीन मधेच थांबून तो वितळवतं. आपल्या थंडीत त्याची वेळ क्वचितच येते. म्हणूनच हा प्रकार लोणावळ्याला फिट बसतो: एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिटची उष्णता आत आणतो, कारण तो उष्णता बनवत नाही, बाहेरून उचलतो.

एक मात्र तपासा. अनेक कंपन्या साध्या आणि हॉट-कोल्ड अशा दोन्ही एसींना एकच रिमोट देतात. रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे म्हणजे तुमचा एसी गरम करतोच असं नाही. लेबल किंवा मॅन्युअल बघा.

आणि रिमोटच चालत नसेल तर? फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याच फोनमध्ये हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फी कॅमेरा.

पहिल्या पावसात बाहेरचं युनिट अचानक गप्प झालं तर मेकॅनिकला सर्किट बोर्ड उघडून बघायला सांगा. आमच्याकडे उबेसाठी आत शिरलेली पाल आणि मुंग्या हे बिघाडाचं अधिकृत कारण मानलं जातं. स्क्रीनवर कोड आला तर तो पुसण्याआधी फोटो काढा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्या ब्रँडच्या व्हिडिओवरून अर्थ लावू नका.

गिझरमधला गॅस मात्र जळतो

आता खरा विषय. मावळात गॅस गिझर इतका का चालतो? पावसात लाइट जाते. इलेक्ट्रिक गिझर तेव्हा शोभेची वस्तू होतो, पण गॅस गिझरला ठिणगीसाठी दोन मोठे सेल पुरतात. शिवाय पाणी लगेच गरम. दहा पाहुणे असले तरी बादल्या भरत राहतात.

पण या छोट्या डब्याची ताकद किती आहे ते कोणी मोजत नाही. मिनिटाला ६ लीटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साधारण १० ते १२ किलोवॅट लागतात. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन किलोवॅटच्या आसपास असतो. म्हणजे गिझर चालू करणं म्हणजे बाथरूममध्ये पाच मोठे बर्नर फुल्ल पेटवून दार लावून घेणं.

आता हवेचा हिशोब. एवढ्या ताकदीने १५ मिनिटांत पावशेराच्या आसपास एलपीजी जळतो. त्याला जळायला जवळपास ३ घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. सहा बाय चार फुटांचं, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे आतली हवा साधारण साडेपाच घनमीटर. खिडकी बंद असेल तर एका माणसाच्या आंघोळीत निम्म्याहून जास्त हवेतल्या ऑक्सिजनचा हिशोब संपतो. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येते, पण गिझरही स्वतःच सोडलेली वापरलेली हवा पुन्हा ओढत असतो.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, न जळलेला गॅस कळावा म्हणून. ज्योतीत ते रसायनही जळून जातं. त्यामुळे 'वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक' हा तर्क इथे पूर्ण चुकतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड, चक्कर, मळमळ, मग पायातली ताकद जाते. कडी उघडायची हे सुचतं, पण हात उचलत नाही. भारतातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच दिलंय. काही जणांना बाथरूममध्ये फिट येते आणि ती मिरगी समजून वेगळेच उपचार सुरू होतात.

वीकेंडच्या बंगल्यात तर ओळखणं आणखी अवघड. सकाळी एखाद्याचं डोकं दुखतंय, उलटी होतेय, म्हटल्यावर सगळे हसतात. 'रात्रीची उतरली नाही' किंवा 'घाटात गाडी लागली.' गिझरकडे कोणाचं लक्षच जात नाही.

इथे तुमच्या हातातलं स्मार्टवॉच उलट घात करू शकतं. कोविडनंतर घराघरांत ऑक्सिमीटर आला, घड्याळातही ऑक्सिजन दिसतो. पण ही साधनं बोटातून किंवा मनगटातून प्रकाश टाकून रक्ताचा रंग मोजतात, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्यांना ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. माणूस गुदमरतोय आणि स्क्रीनवर ९८. अशा वेळी आकड्यावर विश्वास ठेवू नका. माणसाला उघड्या हवेत आणा, गिझर बंद करा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की गॅस गिझर चालू होता. ते सांगितलं नाही तर योग्य रक्त तपासणी राहून जाऊ शकते.

'पण आमच्या गिझरला वीस मिनिटांचा टायमर आहे!' बरोबर, बऱ्याच मॉडेलला असतो. पण नळ बंद करून पुन्हा उघडला की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. एकापाठोपाठ पाच जण आंघोळीला गेले तर टायमरला वाटतं पाच छोट्या आंघोळी झाल्या. खोलीतली हवा मात्र तीच आहे. पाचव्याचं सगळ्यात वाईट, आणि पाचवा बहुतेक तोच असतो जो उशिरा उठून शांतपणे आंघोळ करतो.

जून महिन्यातली ताडपत्री

यावर उपाय साधा आहे: गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या ड्राय बाल्कनीत लावायचा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत न्यायची. नवीन बांधकामात बरेच जण असंच करतात. पण लोणावळ्याचा पाऊस आडवा येतो. वाऱ्याने ज्योत विझते, सेल भिजतात, कपडे वाळत नाहीत. मग जूनमध्ये बाल्कनीला ताडपत्री लागते, नाहीतर कायमची सरकती काच. झालं, बाहेरचा गिझर आत आला. बाल्कनीचं दार उघडं असेल तर तिथली हवा थेट स्वयंपाकघरात. माझ्या मते आपल्या भागात ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे, कारण गिझर लावताना सगळं बरोबर होतं, नंतर पावसाने ते बदलायला लावलं.

काच लावायचीच असेल तर वर आणि खाली अशा दोन कायम उघड्या जाळ्या ठेवा, बंद करता येतील अशा नकोत. आणि गिझरच्या डोक्यावरून धूर बाहेर नेणारा पाइप थेट भिंतीबाहेर काढा. एक्झॉस्ट फॅन असेल तर चांगलं, पण लाइट गेली की तो बंद, आणि आपण गॅस गिझर घेतला तोच लाइट जाते म्हणून. तेव्हा भरवसा भोकावर ठेवा, पंख्यावर नाही.

पेटत नाही तेव्हा

नळ उघडल्यावर टक-टक आवाजच येत नसेल तर पहिला संशय सेलवर. ओलीने सेलच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर येतो. कोरड्या फडक्याने पुसा, नवे अल्कलाइन सेल घाला. रिचार्जेबल सेल घालून पैसे वाचवू नका. ते १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४ होतात आणि गिझरला ३ लागतात.

सेल नवे आणि तरीही शांतता? मग पाण्याचा दाब. पाण्याच्या जोराने आतला पडदा ढकलला जातो, तेव्हाच स्विच दाबला जातो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार. बाथरूमच्या डोक्यावरच टाकी असेल तर उंची दोन-तीन मीटर, म्हणजे जेमतेम पाव बार. त्यातच पाणी येण्याच्या तोंडाची बारीक जाळी गाळाने तुंबली की संपलं. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा हे हमखास होतं. पाण्याचा कॉक बंद करून जाळी काढा, जुन्या टूथब्रशने घासा. हे काम तुम्ही स्वतः करू शकता.

टक-टक होतं पण ज्योत नाही, तर गॅस पोचत नाही. रेग्युलेटर बंद, नळी दुमडलेली, किंवा नवीन सिलिंडर लावल्यावर नळीत हवा. दोन-तीनदा नळ उघड-बंद केला की हवा निघते. त्यापुढे प्रयत्न करत बसू नका, न जळलेला गॅस साठतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आणखी एक प्रकार होतो. गिझर तासाला जवळपास किलोभर गॅस मागतो. सिलिंडरमधलं द्रव तेवढ्या वेगाने वाफ होताना गार पडतं, बाहेर घाम किंवा बर्फासारखा थर दिसतो आणि दाब पडतो. शेवटच्या दोन-तीन किलोंत हे जास्त. थांबा, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. सिलिंडर आडवा करणं, गरम पाण्यात ठेवणं, हे कधीही नाही.

ज्योत पेटून पाच सेकंदांत विझते, तर ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरवर काजळी असू शकते, किंवा सुरक्षा यंत्रणा आपलं काम करत असते. हा सेन्सर 'डायरेक्ट' करून देणारे महाभाग आहेत. त्यांना दारातूनच परत पाठवा.

ज्योतीचा रंग महिन्यातून एकदा बघा, तिच्यासाठी पुढे छोटी काच असते. निळी आणि स्थिर असेल तर ठीक. पिवळी, लांब, नाचणारी असेल, किंवा डब्याच्या वरच्या बाजूला काळं दिसत असेल, तर गिझर त्या क्षणी बंद करा आणि बर्नर साफ होईपर्यंत वापरू नका. फोनच्या कॅमेऱ्यात रंग आपोआप बदलतो, म्हणून हे डोळ्यांनीच बघा. महिनोन्महिने बंद राहिलेल्या बंगल्यात याचं नेहमीचं कारण म्हणजे जेटमध्ये कोळ्याने केलेलं जाळं.

तळेगावकरांसाठी वेगळी सूचना. तळेगावात एमएनजीएलचा पाइप गॅस आहे. तो नैसर्गिक वायू, एलपीजी नाही. त्याच आकारमानात त्याची उष्णता निम्म्याहूनही कमी, त्यामुळे जेटचं भोक वेगळं लागतं. एलपीजीचा जुना गिझर नुसती नळी बदलून पाइप गॅसवर लावू नका, आणि उलटही करू नका. गळतीतही फरक आहे: पाइप गॅस हलका, वर छताकडे जातो; एलपीजी जड, जमिनीलगत साठतो. गळतीचा संशय आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. वास जोरात असेल तर कोणतंही बटण दाबू नका, लाइट लावूही नका आणि बंदही करू नका. बाहेर जा आणि मग फोन खिशातून काढा. एलपीजीचा इमर्जन्सी नंबर १९०६.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. घेताना नाव नीट वाचा, 'गॅस लीक डिटेक्टर' ही वेगळी वस्तू आहे. 'ईएन ५०२९१' हे मानक लिहिलेलं असेल ते घ्या आणि बाथरूमच्या वाफेत न लावता लगतच्या खोलीत लावा.

पवनेच्या काठावर कॅम्पिंगला जाणाऱ्यांनो, तुमच्याकडे गिझर नसतो, पण बार्बेक्यूची शेगडी असते. विझल्यासारखे दिसणारे निखारेही हाच वायू सोडतात. कितीही थंडी असो, ती शेगडी तंबूत घ्यायची नाही.

आणि बंगला बुक करताना पूलचे फोटो मागता ना? त्यासोबत हा एक मेसेज टाका: 'दादा, गिझर गॅसचा आहे की लाइटचा? गॅसचा असेल तर कुठे लावलाय, फोटो पाठवाल का?' फोटोत गिझर शॉवरच्या शेजारी दिसला तर दुसरं बाथरूम विचारा. तेही नसेल तर सगळ्यांनी एकच पद्धत पाळा: आधी बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं दार-खिडकी उघडी ठेवायची, मगच आत जाऊन दार लावायचं. आमच्या बंगल्यात ही सूचना मी बाथरूमच्या दारावर चिकटवली आहे, वाय-फायच्या पासवर्डच्या बरोबर खाली. तिथे ती सगळे वाचतात.